सहावा नमुना

जेवणाच्या टेबलावर सहा परदेशी कात्र्या ओळीने मांडल्या होत्या. भांडारबाई एकेक उचलत, जुन्या वर्तमानपत्रावर चालवून बघत आणि नाक मुरडून खाली ठेवत. पाच कात्र्या झाल्या, पाच वेळा नाक मुरडून झालं. सहावी मात्र कागदात शिरली ती थेट पलीकडच्या टोकालाच थांबली. वाटेत एका मंत्र्याच्या फोटोचे डोक्यापासून पायापर्यंत दोन सारखे भाग झाले.

"अगं बाई!" भांडारबाई म्हणाल्या. "ही बघ. ही खरी कात्री."

लेकीने ती घेतली आणि मंत्र्याचे चार भाग केले. आजीने, म्हणजे बाईंच्या आईने, चष्मा लावून आठ केले. मग डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "जन्म गेला गं माझा. पण धड कात्री आज हातात आली."

भांडारबाई हे नाव त्यांना कार्यालयाने दिलं होतं. एकोणीस वर्षं त्या भांडार सांभाळत होत्या. टाचणीपासून लोखंडी कपाटापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं, आणि एकही पुरवठादार त्यांना फसवू शकला नाही. कारण बाई कागदावर विश्वास ठेवत नसत. 'कागद वाचणारा फसतो, माल हाताळणारा फसत नाही,' हे त्यांचं वाक्य नव्या कारकुनांना पहिल्या दिवशीच ऐकावं लागे. एवढ्या वर्षांत एकाच वस्तूने त्यांना हार खायला लावली, ती म्हणजे कात्री. कुठलीही आणा, ती कागद चावायची. घरी आजीची तीच तक्रार होती आणि लेकीचीही. तीन पिढ्यांचा अनुभव एकच म्हटल्यावर बाईंनी निष्कर्ष काढला की बाजारात चांगली कात्री मिळतच नाही. तेव्हा ती परदेशातून आणून विकली, तर लोकांच्या उड्या पडतील. या विचारात कुणाला खोट काढता आली नसती.

बाईंनी तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. साहेबांनी सही करताना सगळ्यांसमोर म्हटलं, "जा, हौस भागवून या. तुमची खुर्ची काही पळून जात नाही." खुर्ची पळून जात नाही, हीच तर बाईंची भीती होती. तीन महिन्यांत धंदा उभा राहिला नाही, तर पुन्हा त्याच खुर्चीत बसून निवृत्तीपर्यंत टाचण्या मोजायच्या होत्या.

घरातलं चौथं माणूस म्हणजे बाईंचे यजमान. ते गणिताचे मास्तर. फळ्यावर हाताने वर्तुळ काढलं तर मुलं कंपास लावून बघत आणि गप्प बसत. पण हा गुण शाळेच्या फाटकातच राहायचा. घरी आले की मास्तर म्हणजे निव्वळ वेंधळेपणा. जेवताना ते बायको आणि सासूच्या मध्ये बसत, आणि त्यांचा चमचा तोंडापर्यंत पोचण्याआधी निम्मा सदऱ्यावर सांडे. स्वयंपाकघरात गेले की काहीतरी खाली पडे. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात आजीने फर्मान काढलं होतं की जावईबापूंच्या हाती सुरी, कात्री, काहीही धारदार द्यायचं नाही. मास्तरांनी ते मुकाट्याने मान्य केलं होतं, कारण पुरावा त्यांच्या सदऱ्यावरच असायचा.

"यांच्याकडे दे," आजी आज म्हणाली. "जावईबापूंना जमली तर जगात कुणालाही जमेल."

मास्तरांनी सहावी कात्री घेतली आणि कागदावर चालवली. कागद दुमडून दोन पात्यांच्या मध्ये जाऊन बसला.

"कापत नाहीये," मास्तर म्हणाले.

"कात्री कापत नाहीये, की तुम्ही कापत नाही आहात?" बाईंनी विचारलं.

"ते खात्रीने सांगता येणार नाही," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आजी पुटपुटली, आणि सहावा नमुना एकमताने पास झाला.

लेकीने संगणकावरून कारखान्याला मागणी पाठवली. नग सहाशे, नमुना सहावा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'सहाशेच्या सहाशे याच प्रकारच्या हव्यात का? कृपया खात्री करावी.' बाईंनी 'होय' कळवलं. दोन दिवसांनी पुन्हा पत्र आलं: 'आमचे बहुतेक ग्राहक पहिल्या पाच प्रकारांना पसंती देतात. आपण माहितीपत्रकाचं अकरावं पान पाहिलं आहे का?'

"बघितलंस?" बाई लेकीला म्हणाल्या. "चांगला माल द्यायचं जिवावर आलंय त्यांच्या. तो पहिल्या पाचांचा कचरा आपल्या गळ्यात मारायचाय."

"आई, ते अकरावं पान बघूया का एकदा?"

"पान कशाला बघायचं? कात्री बघितली ना?"

तिसऱ्या पत्रात 'शेवटची नम्र विनंती' होती. त्यावर बाईंनी स्वतः उत्तर सांगितलं: 'मी एकोणीस वर्षं खरेदी करते आहे. मला शिकवू नये.' यावर कारखान्याकडून पत्र आलं नाही. माल आला.

माल बंदरातून सोडवणं हे भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणणारं काम आहे. इथे मात्र बाईंना मानलंच पाहिजे. क्लिअरिंग एजंटने भरलेल्या नऊ कागदांत त्यांनी चार चुका काढल्या, पाचवी त्याने स्वतःच घाबरून कबूल केली. कस्टमच्या अधिकाऱ्याने खोकं उघडायला सांगितलं. पुढच्या खोक्याची दोरी तोडायला त्याने त्याच उघड्या खोक्यातली एक कात्री बाहेर काढली, दोनदा चालवली, तीनदा चालवली, आणि शेवटी दोरी दातांनी तोडली. मग त्याने फायलीवर शेरा मारला: 'धारदार वस्तू या वर्गात मोडत नाही.' त्यामुळे एक अख्खा परवाना वाचला. बाईंना हा मालाचा अपमान वाटला, पण फाईल पुढे सरकत होती म्हणून त्या गप्प बसल्या. टेबलावर बसून सह्या करणाऱ्या माणसाला दोरी कापायची सवय कुठून असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

विक्री तर अशी झाली की बघत राहावं. बाई दुकानात शिरत, पिशवीतून कापडाचा तुकडा काढत, त्याची आठपदरी घडी घालत आणि एका झटक्यात कापून दाखवत. मग तीच कात्री पातळ, सुळसुळीत कापडावर चालवत. कापडाचा एक धागा निघत नसे. दुकानदार तोंडाचा आ करून बघत आणि डझनभर कात्र्या ठेवून घेत. आठवड्याभरात दोनशे कात्र्या गेल्या. रजेचे अजून चाळीस दिवस शिल्लक होते, आणि बाईंनी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायला घेतला होता.

पहिला फोन कोपऱ्यावरच्या शिंप्याचा आला. "बाई, कात्री चालत नाही हो."

"धार गेली?"

"धार आहे. पण कापड खाते. तुमच्या हातात चालत होती, माझ्या हातात रुसते."

बाई लगेच गेल्या. कापड घेतलं, घडी घातली, एका झटक्यात कापली. शिंप्याने तीच कात्री घेतली, आणि कापडाचा चोळामोळा झाला. बाईंनी पुन्हा घेतली, पुन्हा सरळ कापलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांची दहा झाली.

"तुम्ही धरता चुकीची," बाई म्हणाल्या.

"तीस वर्षं कात्री धरतोय मी."

"तीस वर्षं चुकीची धरली असेल. अंगठा सैल सोडा. आता मनगट. घाई नको."

आणि मग त्या भर दुकानात, रस्त्यावरच्या बघ्यांसमोर, बाईंनी तीस वर्षांच्या कसलेल्या शिंप्याला कात्री धरायला शिकवली. शिंपी घामाघूम झाला, पण कापड काही कापलं गेलं नाही. शेवटी त्याने कात्री खाली ठेवली आणि हात जोडले. "बाई, कात्री घेऊन जा. पण तुमच्या हातात कला आहे. माझ्याकडे कापायला या. महिन्याचा पगार ठरवून देतो."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बातमी बाजारभर झाली. कात्री भिकार आहे, पण बाई थोर आहेत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. खोकी परत येऊ लागली. एका दुकानदाराने तर कात्री परत करून बाईंना खिडकीत बसवून घेण्याची तयारी दाखवली, कारण त्या कापायला लागल्या की गर्दी जमत होती. रजेचा महिना उरला तेव्हा बाहेरच्या खोलीत सहाशेपैकी पाचशे सत्त्याण्णव कात्र्या होत्या. बाकीच्या तीन का परत आल्या नाहीत, याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

त्या संध्याकाळी बाई टेबलापाशी कपाळाला हात लावून बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताने आपल्याला फसवलं, हे त्यांना पचत नव्हतं. आपण काहीतरी मदत करावी म्हणून मास्तर परत आलेली खोकी दोरीने बांधू लागले. गाठ बसली, दोरी उरली, ती कापायची होती. कात्री मागितली तर बोलणी खावी लागणार, म्हणून त्यांनी हळूच खण उघडला आणि नापास झालेल्या पाचांपैकी एक कात्री उचलली.

दोरी पटकन तुटली. मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं. मग आणखी थोडी दोरी कापली. मग वर्तमानपत्र घेतलं आणि त्यातून एक वर्तुळ कापून काढलं, कंपासने आखल्यासारखं.

"बाबा!" लेक दारात उभी होती. "हे तुम्ही कापलंत?"

आजीने धावत येऊन जावयाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मास्तर आता घरातले राहिले नव्हते, फळ्यापुढचे झाले होते. त्यांनी सहावी कात्री उजव्या हाताने चालवली: कागद दुमडला. तीच डाव्या हातात घेतली: वेडावाकडा का होईना, पण कागद कापला गेला. मग नापास कात्री लेकीच्या हातात दिली. लेकीने नेहमीप्रमाणे डाव्या हातात घेतली, आणि कागद चावला गेला.

"पाती एकमेकांना घासायला हाताचा जोर लागतो," मास्तर म्हणाले. "या पाच कात्र्यांची पाती माझ्या हातात जवळ येतात, तुमच्या हातात लांब जातात. सहावीचं बरोबर उलट. यात कात्रीचा दोष नाही आणि शिंप्याचाही नाही. तुम्ही तिघी डावखुऱ्या आहात, एवढंच."

लेकीने घाईघाईने माहितीपत्रकाचं अकरावं पान काढलं. त्यावर सहाव्या कात्रीचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'खास डावखुऱ्यांसाठी.'

आजी हळूच म्हणाली, "म्हणजे जावईबापू वेंधळे नाहीत?"

तिघींनी घरावरून नजर फिरवली. कपाटाची दारं डावीकडून उघडणारी, भांड्यांच्या खुंट्या डाव्या हाताला, सुरीला धार लावलेली तीही डाव्या हाताला सोयीची. आणि टेबलावर मास्तरांची जागा, एका डाव्या कोपराच्या टप्प्यात. बाईंनी बावीस वर्षांचे सांडलेले चमचे आठवले आणि त्यांना अतिशय वाईट वाटलं. पाचशे सत्त्याण्णव कात्र्यांचं वाटलं नव्हतं तेवढं.

"अहो, बोलायचं तरी," त्या म्हणाल्या.

"काय बोलणार?" मास्तर म्हणाले. "मला वाटायचं, काही माणसांचे हातच तसे असतात. पण अंगण खरंच वाकडं निघालं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, थोडासा आनंदच होता.

बाईंनी उठून त्यांची खुर्ची टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेली. त्या दिवशी जेवताना सदऱ्यावर एक थेंब पडला नाही. आजी शेवटपर्यंत संशयाने बघत होती.

दुसरी कुणी असती तर पांघरूण घेऊन झोपली असती. बाई सकाळी नऊला शिंप्याच्या दुकानात हजर होत्या. पुन्हा दहा माणसं जमली.

"चूक माझी आहे," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमचा हात उत्तम आहे. मला कात्री कळली नाही."

शिंप्याचा चेहरा उजळला. बिचारा आठवडाभर धास्तावून होता. आपली कला गेली की काय, या विचाराने त्याने एका गिऱ्हाइकाचा कोट कापायचाच थांबवला होता. त्याने आतल्या बाजूला हाक मारली, आणि काज-बटणं करणारी बाई बाहेर आली. "हिला द्या. ही डावरी आहे. रोज माझ्या कात्रीला शिव्या घालते."

तिने कात्री डाव्या हातात घेऊन चिंधी कापली, मग दुसरी, मग तिसरी. ती थांबेचना. शिंप्याला शेवटी चांगलं कापड उचलून बाजूला ठेवावं लागलं.

मास्तरांनी आकडेमोड करून सांगितलं की दहा माणसांमागे एक डावखुरा असतो. म्हणजे माल चुकीचा नव्हता, फक्त नऊ माणसांच्या हातात चुकून दिला होता. बाईंनी दारावर पाटी लावली: 'फक्त डावखुऱ्यांसाठी.' पहिल्या दिवशी तिघं आले. ते तिघं म्हणजे न परतलेल्या तीन कात्र्यांचे मालक निघाले, आणि ते आणखी घ्यायला आले होते. दुसऱ्या दिवशी चौदा आले. मग जिन्यावर रांग लागायला लागली. त्यात फुलवाला होता, पुस्तकं बांधणारा होता, दवाखान्यातली परिचारिका होती. एका सत्तरीच्या आजोबांनी कागदाची लांबलचक पट्टी कापली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मला शाळेत हस्तकलेत नापास केलं होतं हो." आजीने त्यांना चहा दिला, आणि दोघं कात्र्यांना नावं ठेवत तासभर बसले.

लोक आणखी विचारू लागले. बटाटे सोलायची डावखुरी सोलाणी आहे का? डब्याचं झाकण कापायचं यंत्र? लेकीने परदेशातून नमुने मागवले, आणि या वेळी बाईंनी माहितीपत्रकाचं प्रत्येक पान वाचलं. पण निव्वळ कागदावर विसंबतील तर त्या भांडारबाई कसल्या! वस्तू आली की ती आधी मास्तरांच्या उजव्या हातात जाऊ लागली. मास्तर मनापासून प्रयत्न करायचे, वस्तू अडायची, आणि तिघी टाळ्या वाजवून मागणी पक्की करायच्या. नापास होण्यात एवढा मान असतो, हे मास्तरांनी जन्मभर मुलांना सांगितलं नव्हतं.

रजेच्या शेवटच्या दिवशी दुपारी कार्यालयाचा शिपाई पत्र घेऊन आला. जिन्यावर सहा माणसं उभी होती, त्यांच्यातून वाट काढता काढता त्याची टोपी पडली.

"साहेबांनी निरोप दिलाय," तो म्हणाला. "उद्या दहाच्या ठोक्याला हजर राहा म्हणाले."

अजून दीडशे कात्र्या खपायच्या होत्या. पुढचा माल समुद्रावर होता. बाईंनी पत्र वाचलं, रांगेकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मास्तर एका सोलाणीशी झटत होते. ते मान वर करून म्हणाले, "लिही." बाईंनी उभ्या उभ्या चार ओळींत राजीनामा लिहिला. खरं सांगायचं तर तो वाचताना आपल्यालाही टोपी काढावीशी वाटली असती.

शिपायाने राजीनामा खिशात ठेवला, पण तो हलेना. "बाई, एवढं लोक घेतायत, तर एक मलाही द्या की घरी."

बाईंनी कात्री आणि कागद दिला. शिपायाने चालवली. कागद दुमडून बसला.

"ही तर चालत नाही."

"तुम्ही उजवे ना?" बाई म्हणाल्या. "उजव्यांसाठी आम्ही काही ठेवत नाही."

शिपाई थक्क झाला. "अहो बाई, सगळं जग उजवं आहे! आम्ही करायचं काय मग?"

जिन्यावरची सहाच्या सहा माणसं वळून त्याच्याकडे बघू लागली. बाईंनी फार मायेने त्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

"सवय करून घ्या हो," त्या म्हणाल्या. "आम्ही नाही का करून घेतली?"